वहिनीचा नाकांचा डबा

नणंदेनं वहिनीबद्दल लिहायला घेतलं की लोक कान टवकारून बसतात. आता काहीतरी चमचमीत बाहेर पडणार! अशा लोकांची निराशा करायला मला मनापासून आवडतं. माझी वहिनी चांगली बाई आहे. मी लग्न केलं नाही, त्यामुळे नणंद म्हणून चोवीस तास घरात हजर होते, आणि इतक्या जवळून पाहूनही नाव ठेवायला मला दोनच गोष्टी सापडल्या. एक, ती अंघोळीला पाऊण तास लावते. दोन, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे ती तो विकत घ्यायला आल्यासारखी बघते. दुसरी खोड धंद्यापायी लागलेली, म्हणून ती माफ. पहिलीला माफी नाही, कारण घरात न्हाणीघर एकच होतं.

वहिनी फोटो स्टुडिओत रिटचिंग करायची. आता बोट फिरवलं की माणूस गोरा होतो आणि पोट आत जातं. तेव्हा हे सगळं हातानं व्हायचं. काचेच्या उतरत्या टेबलावर निगेटिव्ह ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि टोकदार पेन्सिलीनं मुरमं, वांग, जुन्या जखमांचे व्रण एकेक करून बुजवायचे. मिटलेले डोळे उघडायचे. लग्नाच्या फोटोत रुसून बसलेल्या मेव्हण्याच्या ओठांची टोकं केसभर वर उचलायची. फोटोच्या पाठीमागे शिक्का मात्र स्टुडिओच्या मालकांचा. मालक फोटो काढायचे, म्हणजे काळ्या कापडात डोकं घालून "हसा" म्हणायचे. ते हसू मागाहून वहिनी काढायची.

पण तिची खरी ख्याती वेगळ्याच कामात होती. काही माणसं अख्खं आयुष्य फोटो न काढता जगतात आणि मग अचानक मरतात. मागे राहिलेल्यांना रडून झालं की भिंत मोकळी दिसायला लागते. असे लोक वहिनीकडे यायचे. ती त्यांना स्टुलावर बसवायची आणि एकेक प्रश्न विचारायची. नाक कुणावर गेलं होतं? रागावले की आधी काय हलायचं, भुवई की ओठ? खोटं बोलताना कुठं बघायचे? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक बायका न विचारता उत्तर द्यायच्या. मग वहिनी आपला डबा काढायची. कप्प्याकप्प्यांचा लाकडी डबा, आणि त्यात टाकाऊ फोटोंमधून कापून ठेवलेली शेकडो नाकं. प्रत्येक कप्प्याला चिठ्ठी होती: सरळ, बसकी, रागीट, आणि एका कप्प्यावर नुसतंच 'सांगता येत नाही'.

एकदा सहा भाऊ वडिलांचा फोटो करून घ्यायला आले. सहाजणांनी सहा नाकं निवडली, कारण वडिलांचं नाक हुबेहूब आपल्यासारखं होतं अशी प्रत्येकाची खात्री होती. भांडण इतकं पेटलं की मालक काळ्या कापडाखाली जाऊन बसले. शेवटी वहिनीनं सहाही भावांना बाहेर काढलं, त्यांच्या आईला आत घेतलं आणि तिला विचारून फोटो पुरा केला. म्हातारीनं तो बराच वेळ पाहिला. म्हणाली, "असे नव्हते हो ते. पण असे असते तर बरं झालं असतं. राहू द्या."

आमच्या आईला, म्हणजे वहिनीच्या सासूबाईंना, हे काम मुळीच पसंत नव्हतं. "मढ्यांना पावडर लावते," असं ती शेजारी सांगायची. आई शिक्षणानं चौथी पास आणि वृत्तीनं न्यायाधीश. तिच्या पिशवीत कायम शिंप्याची टेप. दुकानदारानं पाच वार कापड दिलं की त्याच्या देखत ती परत मोजायची, आणि कमी भरलं तर तिथंच त्याची उंची मोजून "माणूसही कमीच भरतोय" म्हणायची. गल्लीत तिला 'मीटर' म्हणत. तिला ते माहीत होतं. तिला ती पदवी वाटायची.

नळाची नोंद हे तिचं सगळ्यात मोठं काम. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकोनात ती रोज नळ किती वाजता आला, किती वाजता गेला आणि धार कशी होती ते लिहायची. 'पाच पन्नास ते सहा पंधरा. करंगळीएवढी.' अशी बावीस वर्षांची कॅलेंडरं पलंगाखाली रचलेली होती. एकदा ती त्यातली नऊ काखोटीला मारून पाणीखात्याच्या कचेरीत गेली. आपल्या गल्लीला वरच्या गल्लीपेक्षा रोज अकरा मिनिटं कमी पाणी मिळतं, असं तिचं म्हणणं. तिथले साहेब हसले. "असं कुणी लिहून ठेवतं का, आजी?" आई म्हणाली, "तुम्ही ठेवत नाही म्हणून मी ठेवते. मी सांगते म्हणून मानू नका. या आणि मोजा." ती सलग सतरा दिवस तिथं जाऊन बसली. अठराव्या दिवशी साहेब आले, मोजून गेले, आणि गल्लीला अकरा मिनिटं मिळाली. त्या अकरा मिनिटांतली निम्मी वहिनीच्या अंघोळीत जातात म्हणून आई न्हाणीघराच्या दारावर टकटक करून वेळ सांगायची. "वीस झाली." "तीस झाली."

खोट्याचा तिला इतका तिटकारा की जन्मात तिनं फोटो काढू दिला नाही. "फोटोत माणूस हसतो. मी काय दिवसभर हसत असते?" आणि ती खरंच हसत नसे. दादाच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत आई आहे. म्हणजे मागच्या रांगेत एक अंबाडा आणि अर्धा कान आहे. माझा दादा, वहिनीचा नवरा, या सगळ्यात काय म्हणायचा असं कुणी विचारेल. दादा "हो" म्हणायचा. दोघींनाही.

अकरा वर्षं वहिनी त्या घरात आईसमोर जेवायला बसली. सुनेला सासूचा चेहरा वाचता यावाच लागतो. घरातलं हवामान तिथंच कळतं. त्यात वहिनीचा धंदाच चेहऱ्याचा. ती घास हातात धरून बघत राहायची. "काय बघतेस?" आई विचारायची. "काही नाही, आई." "मग जेव."

आणि अशात एक दिवस मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई स्टुडिओत आल्या. त्या नव्यानंच मुख्याध्यापिका झाल्या होत्या आणि शाळेच्या सभागृहात पाऊल टाकताच त्यांचं डोकं फिरलं होतं. चारही भिंतींवर नुसत्या मिशा. संस्थापकांच्या, अध्यक्षांच्या, देणगीदारांच्या. "सातशे मुली रोज मिशांपुढे उभ्या राहून प्रार्थना म्हणतात," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांना बारा बायका हव्या होत्या. एक गिरणीतल्या बायकांना घेऊन संपावर बसलेली, एक ताऱ्यांचे तक्ते करणारी, एक भावाच्या नावानं पुस्तकं छापून आणणारी, एक तुरुंगातून वर्तमानपत्र चालवणारी, अशा. फोटो होते ते जुने, फाटके, टाचणीएवढे. ते मोठे करून, दुरुस्त करून चौकटीत बसवायचे.

मालकांनी लगेच हो म्हटलं. वहिनीनं मात्र पहिल्यांदाच अट घातली. प्रत्येक चौकटीखाली काम करणारीचं नाव हवं. अकरा वर्षांत हजारो चेहरे तिच्या हाताखालून गेले होते आणि एकाखालीही तिचं नाव नव्हतं. मालकांचा चेहरा पडला. तो मात्र वहिनीनं उचलला नाही. मोठ्या बाईंनी अट मान्य केली आणि स्वतःची एक घातली. "माझ्या सभागृहात खोटं काही लागणार नाही. एक चौकट जरी खोटी निघाली तर बाराही खाली उतरवीन, तुमच्या नावासकट. आणि मग शाळेचं एकही काम या स्टुडिओत यायचं नाही."

अकरा फोटो होते. बाराव्या बाईचं काहीच नव्हतं.

ही बारावी एका नदीच्या काठी राहायची. रोज सकाळी मागच्या दाराशी जाऊन घाटाच्या पायऱ्या मोजायची: आज किती पाण्यावर, किती पाण्याखाली. एकतीस वर्षं तिनं हे लिहून ठेवलं. एका वर्षी तिनं तिथल्या सरकारी साहेबांना कळवलं की यंदा खालची वस्ती बुडणार. साहेबांनी कागद फायलीत ठेवला. तिनं दारोदार हिंडून, भांडून, शिव्या खाऊन वस्ती हलवली. चौथ्या दिवशी तिथं छपरंसुद्धा दिसेनात. नंतर जो सरकारी अहवाल निघाला त्यात साहेबांचा पानभर फोटो आणि तिचा अर्धी ओळ उल्लेख: 'एका स्थानिक कारकुनाच्या पत्नीने'. मोठ्या बाईंनी मुख्याध्यापिका होण्याआधीपासून दोन वर्षं खपून तिची काही पत्रं शोधली होती. चेहरा कुठंच नव्हता.

"तुम्ही गेलेल्या माणसांचे करता ना, तसा करा," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण खरा करा."

खरा चेहरा मनानं काढा, अशी ती मागणी होती. शिकलेल्या माणसांना अशा मागण्या करताना संकोच वाटत नाही.

वहिनीनं त्यांना स्टुलावर बसवलं. "रागावल्या की आधी काय हलायचं?"

"ते कुठं लिहिलेलं असणार?"

"असतं. तुम्ही पत्रं वाचा, मी ऐकते."

मोठ्या बाई वाचत गेल्या. 'साहेब म्हणाले, बाई, घरी जा. मी गेले नाही. मी तिथं बसून त्यांच्या टेबलाची लांबी मोजली.' "डावी भुवई," वहिनी म्हणाली आणि पेन्सिल उचलली. 'मी सांगते म्हणून मानू नका. या आणि मोजा.' वहिनीनं ओठ काढले, मिटलेले. 'लोक मला हसरी नाही म्हणतात. हसण्यासारखं काही झालं तर मी हसेन.' वहिनीनं गालावरची रेघ ओढली. मोठ्या बाई मला नंतर सांगत होत्या, त्या दिवशी नाकांचा डबा उघडलासुद्धा गेला नाही. बाकीच्या अकरा चौकटींना तीन महिने लागले आणि बारावी तीन दिवसांत झाली. घरी वहिनी म्हणाली, "एवढा सोपा चेहरा मी कधी केला नाही. हात आपोआप चालत होता."

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी चौकटी शाळेत न्यायला टेंपो येणार होता. मी गुंडाळायला मदत म्हणून स्टुडिओत गेले. अकरा चौकटी गुंडाळल्या. बारावी उचलली आणि पहिल्यांदा नीट पाहिली.

"वहिनी," मी म्हटलं, "आईला फोटोला कधी बसवलंस?"

"कुणाच्या आईला?"

"आपल्या."

वहिनी हसली. मग चौकटीजवळ आली. तळहातानं चित्राचा खालचा भाग झाकून डोळे पाहिले. वरचा भाग झाकून ओठ पाहिले. मग स्टुल मागं आहे का हेही न बघता खाली बसली. सुदैवानं होतं.

तिनं मुद्दाम केलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. काखेत कळसा असतो तेव्हा माणूस गावाला वळसा घालतो. वहिनीनं वळसा न घालता सरळ कळसाच काढून ठेवला होता आणि तिला पत्ता नव्हता. पण मोठ्या बाईंना खरा चेहरा हवा होता, आणि समोर होती आमची मीटर. बाराही चौकटी उतरणार. नाव लागण्याआधीच पुसलं जाणार. आणि शाळेच्या वर्गांचे फोटो हेच स्टुडिओचं वर्षाचं मोठं काम, त्यामुळे मालक वहिनीला दारातही उभं करणार नाहीत.

टेंपोला अर्धा तास होता. "नाक लांबव," मी म्हटलं. वहिनीनं पुसता येणाऱ्या रंगानं नाक लांबवलं. आम्ही दोन पावलं मागं जाऊन पाहिलं. आता तिथं माझा चेहरा झाला होता. घाईघाईनं नाक पुसलं. "चष्मा घाल," मी म्हटलं. वहिनीनं गोल चष्मा घातला आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आईला मागच्याच महिन्यात गोल चष्मा लागला होता. आतापर्यंत चित्र आईसारखं होतं. चष्मा घातल्यावर ते "मग जेव" म्हणेल असं वाटायला लागलं. चष्मा पुसला. टेंपो आला.

"मी जाऊन सांगून टाकते," वहिनी म्हणाली. आम्ही टेंपोपाठोपाठ शाळेत गेलो. मोठ्या बाईंना धीर नव्हता. त्या शिडीवर चढून बारावी चौकट स्वतः लावत होत्या. लावून झाल्यावर शिडीवरच थांबल्या, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, "दोन वर्षं मी हिच्याशी मनात बोलतेय. मला वाटलंच होतं, ही अशीच दिसत असणार." वहिनीचं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. शिडीवर रडणाऱ्या बाईला असं काही सांगता येत नाही. ती पडली तर आणखी एक चौकट करावी लागेल.

आता एकच आशा होती. आई कुठल्याच समारंभाला जात नसे. संध्याकाळी घरी आलो तर आई पिशवी झटकत होती. "उद्या किती वाजता आहे ते?"

"तू कशाला, आई?" मी म्हटलं. "सभागृह वर आहे. चाळीस पायऱ्या आहेत."

"अठ्ठावीस आहेत. तू शाळेत होतीस तेव्हा मोजल्यात मी."

"पण तुम्हाला आवडत नाही ना असलं काम," वहिनी म्हणाली. तिचा आवाज उंदरासारखा झाला होता.

"अकरा वर्षं मी म्हणतेय की तुझं काम खोटं आहे. एकदा डोळ्यांनी बघायला नको? न बघता बोलणं हेही खोटंच की." दादा म्हणाला, "हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात आई दुसऱ्या रांगेत बसली, मी एका बाजूला आणि वहिनी दुसऱ्या. मी मनातल्या मनात वीज जाऊ दे म्हणत होते, पण लख्ख उजाडलेलं होतं. मोठ्या बाई एकेक पडदा सारत, एकेकीबद्दल सांगत पुढं सरकत होत्या. आई लक्ष देऊन ऐकत होती. ताऱ्यांवाल्या बाईंपाशी तिनं विचारलं, "किती तारे?" मी म्हटलं, माहीत नाही. "विचारून ठेव."

मग बारावीची गोष्ट आली. पायऱ्या, पाणी, एकतीस वर्षं, साहेब. आईची पाठ हळूहळू ताठ होत गेली. 'या आणि मोजा' हे वाक्य वाचलं तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "बरोबर आहे." मोठ्या बाईंनी पडदा सारला.

मग पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीनं चित्राकडे पाहिलं, मागं वळून आईकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या आजी तर इथंच बसल्यात!"

सातशे माना वळल्या. मोठ्या बाईंची सगळ्यात शेवटी. भिंतीशी उभे असलेले मालक कुणी न विचारता म्हणाले, "मी फक्त चौकटी ठोकल्या." वहिनी उभी राहिली, पण तिच्याआधी आई उठून चालायला लागली होती. ती चित्रापाशी गेली. पिशवीतून टेप काढली. चित्रातलं नाक मोजलं. मग स्वतःचं नाक मोजलं. मग चित्रातलं कपाळ आणि स्वतःचं कपाळ. सभागृहात सुई पडली असती तर ऐकू आली असती, आणि आईनं तीही मोजली असती.

"आजी," मोठ्या बाईंचा आवाज चिरकला, "ही कोण आहे?"

आई खोटं बोलणार नाही हे मला माहीत होतं. वहिनीलाही माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी आईवर तिच्या खरेपणासाठी चिडले.

"चेहरा माझा आहे," आई म्हणाली.

मोठ्या बाई वहिनीकडे वळल्या. रागापेक्षा त्या दुखावल्या होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. "मी तुमच्याकडे तिचा चेहरा मागितला होता."

वहिनीला रडू फुटत होतं, पण ती बोलली. "मी मुद्दाम नाही केलं, बाई. तुम्ही वाचत गेलात आणि माझा हात चालत गेला. कुणाचं ऐकत नाही, खोटं खपवून घेत नाही, जे बघते तेच लिहिते, सगळे हसले तरी मोजत राहते... मला कळलंच नाही मी कुणाला काढतेय. मला तशी दुसरी बाई माहीतच नाही."

आईनं तोंड उघडलं. तिच्याकडे कुठल्याही प्रसंगी सांगायला एखादा आकडा असतो. या वेळी नव्हता. तिनं टेप गुंडाळली, ती नीट गुंडाळली गेली नाही, परत उलगडली, परत गुंडाळली.

"उतरवा सगळ्या," मोठ्या बाई शिपायाला म्हणाल्या. "मी शब्द दिला होता." शिपाई शिडी आणायला वळला.

"थांबा हो," आई म्हणाली. "या बाईचा खरा फोटो कुणाकडे आहे?"

"नाही."

"चित्र?"

"नाही. कुणीच काढलं नाही."

"मग ही चौकट उतरवली तर या मुली भिंतीकडे बघून काय मोजतील? अकरा. म्हणतील, अकराच होत्या. मोजणी चुकली की हो." आईचा आवाज चढला, पाणीखात्याच्या कचेरीत असाच चढला असणार. "खोटं असेल तर खोटं आहे असं लिहा. कागद आणा. लिहा: या बाईंचा फोटो कुणी काढला नाही. चेहरा उसना आहे. काम खरं आहे."

मग मोठ्या बाई स्वतः टेबलाशी गेल्या आणि चित्रकलेच्या शिक्षिकेपुढं कोरं कार्ड ठेवलं. शिक्षिकेनं ठळक अक्षरांत लिहायला घेतलं. सुरुवातीला त्यांनी 'माननीय' असं लिहिलं होतं. आईनं ते खोडायला लावलं, मानायला कुणी तयार नव्हतं म्हणून. कार्ड चौकटीखाली लागलं. आईनं ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि आणखी खाली वाकली. तिथं, कोपऱ्यात, वहिनीचं नाव होतं.

"हे एवढं बारीक का?" तिनं मोठ्या बाईंना विचारलं. "काढणारीचं नाव ना हे? मला चष्म्यातूनसुद्धा दिसत नाही. ही मुलगी अकरा वर्षं मान मोडून काम करतेय. मोठं करा. बाराही ठिकाणी."

मोठ्या बाई हसल्या, रडल्या, आणि हो म्हणाल्या. मालक टाळ्या वाजवायला लागले, म्हणून मुलींनीही वाजवल्या. नंतर मुलींनी आईला घेरलं आणि नदीबद्दल प्रश्न विचारले. आईनं सगळ्यांना नळाबद्दल उत्तरं दिली. तिथं अर्धा तास गेला. घरी येताना आई पुढं आणि वहिनी मागं. मी मधून चालत होते आणि मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. दारात आई एवढंच म्हणाली, "पायऱ्या एकोणतीस झाल्यात. खाली नवी एक बांधलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करायला उठले. वहिनी स्वयंपाकघरात कॅलेंडरसमोर उभी होती. टॉवेल खांद्यावर, हात तोंडावर. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. कालच्या चौकोनात आईच्या टोकदार अक्षरांत लिहिलं होतं:

'पाच पंचावन्न ते सहा एकतीस. धार बरी. सुनेचं काम पाहिलं. नाक बरोबर.'

वहिनीनं ते तीनदा वाचलं आणि अंघोळीला गेली. त्या दिवशी तिला सव्वा तास लागला. आई न्हाणीघराच्या दाराबाहेर पाटावर बसून होती, हातात घड्याळ होतं, आणि नळ जायची वेळ होऊन गेली तरी तिनं एकदाही दार वाजवलं नाही.